संगणकातला दुभाष्या

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील दोन रेषीय समीकरणे आपण सोडवतो. एक चल घालवायचे, दुसऱ्याची किंमत काढायची, ती पहिल्या समीकरणात ठेवायची, की झाले! चार-पाच ओळींत उत्तर मिळते. तीन चले असली तर वहीचे अर्धे पान भरते. आता अशी कल्पना करा, की एखाद्या पुलाच्या आराखड्यातून एक हजार चलांची एक हजार समीकरणे तयार झाली आहेत. रीत तीच, एकेक चल घालवत जायचे. पण या रीतीने उकल करायला बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकार मिळून सुमारे ६७ कोटी क्रिया कराव्या लागतात. हे काम अर्थातच संगणकाचे.

पायथॉन ही संगणकभाषा तुमच्यापैकी अनेकांनी शिकायला घेतली असेल. त्या भाषेत हे गणित दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे पुस्तकातली रीत स्वतःच आज्ञावलीत उतरवून काढायची. असे केले तर साध्या संगणकावर उत्तरासाठी अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत थांबावे लागते. दुसरा प्रकार म्हणजे नमपाय नावाचे तयार साधन घ्यायचे आणि समीकरणे सोडवण्याची एकच आज्ञा द्यायची. आता उत्तर सेकंदाच्या लहानशा अंशात हजर होते.

संगणक तोच, समीकरणे तीच, रीतही मुळात तीच. मग एवढा फरक कशामुळे? याचे कारण असे, की दुसऱ्या प्रकारात हिशेब पायथॉन करतच नाही. तो हिशेब दुसऱ्याच भाषेत लिहिलेली आणि आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवलेली एक आज्ञावली करते. पायथॉन तिला फक्त बोलावतो. हे बोलावणे कसे घडते, दोन भाषांना एकमेकींचे कसे समजते आणि समजण्यात चूक झाली तर काय होते, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

भाषांतर आधी की वेळेवर?

संगणकाच्या प्रोसेसरला एकच भाषा कळते, ती म्हणजे त्याची स्वतःची यंत्रभाषा. 'या जागची संख्या उचल', 'तीत ही मिळव', 'उत्तर त्या जागी ठेव' अशा बारीकसारीक आज्ञा तिच्यात शून्य आणि एक या अंकांच्या रूपात असतात. माणसाला असे लिहिणे फार कष्टाचे. म्हणून फोर्ट्रान, सी, पायथॉन अशा माणसाला सोयीच्या भाषा निघाल्या. त्यांतले लिखाण यंत्रापर्यंत पोहोचवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग कंपायलरचा. कंपायलर हा सगळी आज्ञावली आधी वाचतो, तिचे यंत्रभाषेत भाषांतर करतो आणि ते भाषांतर फाइलमध्ये ठेवून देतो. एखाद्या ग्रंथाचे भाषांतर एकदाच करून छापून ठेवावे, तसे हे झाले. नंतर वाचताना भाषांतरकाराची गरज उरत नाही. सी आणि फोर्ट्रान या भाषा अशा चालतात.

दुसरा मार्ग इंटरप्रिटरचा. हा एखाद्या काटेकोर कारकुनासारखा असतो. प्रत्येक आज्ञा समोर आली की तिचा अर्थ लावायचा आणि लगेच ती अमलात आणायची. पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर तुमच्या लिखाणातून आधी सोप्या आज्ञांची एक यादी बनवतो आणि मग त्या यादीतील एकेक आज्ञा घेऊन काम करतो. 'अ अधिक ब' एवढी साधी आज्ञा आली, तरी तो आधी चौकशी करतो. अ ही पूर्णांक संख्या आहे की दशांश? की तो मजकूर आहे? कारण पायथॉनमध्ये अधिक चिन्हाने दोन शब्दही जोडता येतात. शिवाय तेथे प्रत्येक संख्या एका डबीत ठेवलेली असते. दशांश संख्येला स्वतःला आठ बाइट जागा पुरते, पण आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर पायथॉनमधील तिची डबी २४ बाइटांची असते. डबी उघडा, संख्या काढा, बेरीज करा, उत्तरासाठी नवी डबी आणा, असे कोट्यवधी वेळा चालले, की मिनिटे खर्ची पडतात.

असे असूनही पायथॉन लोकप्रिय आहे, कारण ती लिहायला आणि वाचायला सोपी आहे. तेव्हा विचार माणसाच्या सोयीच्या भाषेत मांडावा आणि कष्टाचे काम कंपायलरने आधीच तयार करून ठेवलेल्या आज्ञावलीकडून करून घ्यावे, ही युक्ती ओघानेच आली.

कपाटातल्या आज्ञावली

तयार आज्ञावली पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. वर्गमूळ काढणे, साइन आणि कोसाइनच्या किमती काढणे अशी कामे जवळजवळ प्रत्येकाच्या गणितात लागत. प्रत्येकाने ती नव्याने लिहायची, तर प्रत्येकाच्या हातून नव्या चुका व्हायच्या. म्हणून मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी अशा तयार आज्ञावलींचा संग्रह केला. त्या कागदी फितीवर भोके पाडून लिहिलेल्या असत आणि फिती कपाटात नीट लावून ठेवलेल्या असत. या संग्रहाला नाव पडले लायब्ररी, म्हणजे ग्रंथालय. आज ती कपाटे नाहीत, पण शब्द तोच राहिला आहे.

मुख्य आज्ञावली मधेच थांबते, लायब्ररीतील आज्ञावलीकडे काम जाते आणि काम संपल्यावर ते पुन्हा थांबलेल्या जागी परत येते. परतीची जागा टिपून ठेवण्याची एडसॅकवरील युक्ती व्हीलर यांनी शोधली. आज आपण ज्याला 'फंक्शनला बोलावणे' म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे.

पुढे १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर तयार केला. शास्त्रज्ञ आणि अभियंते यांना तो फारच मानवला. समीकरणे सोडवणाऱ्या फोर्ट्रान आज्ञावलींचा लिनपॅक हा संग्रह १९७९ मध्ये आणि त्याच्या पुढचा लॅपॅक हा संग्रह १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. दशांश स्थळे तोडताना होणाऱ्या बारीक चुका साठत जाऊन उत्तर बिघडू नये, याची त्यांत फार काळजी घेतली आहे. जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षे वापरून त्या पारखल्या आहेत. पायथॉनची पहिली आवृत्ती गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये खुली केली, आणि नमपाय २००६ साली आजच्या रूपात आले. नमपायच्या कर्त्यांनी समीकरणे सोडवण्याची रीत नव्याने लिहिली नाही. लॅपॅकचे दार ठोठावणे त्यांनी शहाणपणाचे मानले.

बोलावणे म्हणजे नेमके काय?

लायब्ररीची फाइल म्हणजे यंत्रभाषेतील आज्ञांचा एक गठ्ठा. विंडोजवर काम करताना 'डीएलएल फाइल सापडत नाही' असा निरोप तुम्ही कधीतरी पाहिला असेल; ती अशीच फाइल. ग्रंथाच्या शेवटी जशी सूची असते, तशी या फाइलमध्येही एक सूची असते. कोणते फंक्शन फाइलमध्ये कोठे सुरू होते, हे तीत दिलेले असते. दशांश संख्यांची रेषीय समीकरणे सोडवणाऱ्या लॅपॅकमधील फंक्शनचे नाव 'डीजीईएसव्ही' असे आहे. जुन्या फोर्ट्रानमध्ये नावाला सहाच अक्षरांची मुभा होती, म्हणून हे आखूड नाव! पायथॉनने मागणी केली, की संगणकाची कार्यप्रणाली ही फाइल मेमरीत आणते, सूचीतून फंक्शनची जागा शोधते आणि काम तिकडे सोपवते.

पण नुसते तेथे पोहोचून भागत नाही. कोणती समीकरणे सोडवायची, हे फंक्शनला कसे कळणार? त्यासाठी प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा असतात. बोलावणाऱ्याने माहिती कोणत्या रजिस्टरात ठेवायची आणि बोलावलेल्याने ती कोठून उचलायची, याचा एक ठरलेला रिवाज असतो. इंटेल पद्धतीच्या ६४ बिटांच्या संगणकावर लिनक्स प्रणाली असेल, तर पहिले सहा पूर्णांक सहा ठरावीक रजिस्टरांत जातात आणि दशांश संख्या दुसऱ्याच रजिस्टरांत. त्याच संगणकावर विंडोज असेल, तर रजिस्टरांतून पहिली चारच मूल्ये जातात. म्हणजे यंत्र एकच असूनही दोन घरचे दोन रिवाज!

हजार समीकरणांचे सहगुणक मात्र रजिस्टरांत मावणार नाहीत. ते दहा लाख आहेत, आणि प्रत्येकी आठ बाइट धरले तर ८० लाख बाइट झाले. अशा वेळी फक्त पत्ता पाठवतात. गोदामातली पोती कोणी व्यापाऱ्याच्या दारात आणून टाकत नाही, गोदामाचा पत्ता देतात, तसेच हे. पहिली संख्या मेमरीत कोठे आहे, ते सांगितले की बाकीच्या तिच्या पाठोपाठ ओळीने असतात. नमपायने संख्या डबीतून काढून सलग मांडलेल्या असतात, त्या यासाठीच.

बाइटांना स्वतःचा अर्थ नसतो

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो. मेमरीत असतात ते नुसते बाइट, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एकेक संख्या. त्यांवर 'मी पूर्णांक आहे' किंवा 'मी दशांश आहे' अशी चिठ्ठी नसते. अर्थ वाचणारा लावतो.

उदाहरणार्थ, ३०० ही संख्या एका बाइटात मावत नाही. तिला दोन लागतात. ३०० म्हणजे २५६ ची एक पट आणि वर ४४. इंटेल पद्धतीचा संगणक लहान भाग आधी लिहितो, म्हणून मेमरीत ४४ आणि १ असे बाइट पडतात. तेच बाइट 'मोठा भाग आधी' असे समजून कोणी वाचले, तर त्याला ४४ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे ११,२६५ ही संख्या दिसेल! बाइट तसूभरही बदललेले नाहीत, अर्थ मात्र पार बदलला.

प्रकार चुकला तर गोंधळ याहून मोठा. १.० ही दशांश संख्या प्रमाणित पद्धतीने आठ बाइटांत लिहिली आणि तेच आठ बाइट पूर्णांक म्हणून वाचले, तर उत्तर येते ४६०७१८२४१८८०००१७४०८. आणि हे वाचताना यंत्र कोठेही अडखळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही वाचने सारखीच बरोबर असतात.

म्हणून दोन भाषा जोडणे म्हणजे त्यांच्यात एक करार करणे होय. किती बाइट, कोणत्या प्रकारचे, कोणत्या क्रमाने, कोणाच्या मालकीचे, या सगळ्या गोष्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या ठाऊक असाव्या लागतात. एकाच भाषेत लिहिताना कंपायलर किंवा इंटरप्रिटर या गोष्टींवर नजर ठेवतो. दोन भाषांच्या सीमेवर मात्र बहुधा कोणी पहारेकरी नसतो.

गुणपत्रिकेतली अदलाबदल

कराराचे एक कलम विशेष गमतीचे आहे. अ आणि ब या दोन विद्यार्थ्यांचे तीन विषयांतील गुण घ्या. अ ला मराठीत ७०, गणितात ९०, विज्ञानात ८०. ब ला याच क्रमाने ५०, ४०, ६०. अ ची बेरीज २४० आणि ब ची १५०.

हा तक्ता मेमरीत एका सरळ रेषेत मांडायचा आहे. सी भाषा आडवी ओळ पुरी करून मग खाली उतरते. तिची मांडणी होईल ७०, ९०, ८०, ५०, ४०, ६०. फोर्ट्रान मात्र उभा स्तंभ पुरा करून पुढच्या स्तंभाकडे वळते. तिची मांडणी ७०, ५०, ९०, ४०, ८०, ६० अशी होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत.

आता सी च्या पद्धतीने मांडलेल्या संख्यांचा पत्ता न सांगता-सवरता फोर्ट्रानच्या हाती दिला तर? ती पहिल्या दोन संख्या पहिल्या स्तंभात भरील, पुढच्या दोन दुसऱ्यात, उरलेल्या दोन तिसऱ्यात. अ चे गुण होतील ७०, ८०, ४०, म्हणजे एकूण १९०. ब चे होतील ९०, ५०, ६०, म्हणजे एकूण २००. ब पहिला आला! एखाद्या सावध शिक्षकांनी ताळा म्हणून सर्वांच्या गुणांची बेरीज केली, तरी ती आधीसारखीच ३९० भरते. ताळा जुळला, कोठेही 'चूक' असा निरोप आला नाही, आणि निकाल मात्र उलटा लागला.

हे टाळण्यासाठी नमपाय समीकरणांचे सहगुणक लॅपॅककडे देण्यापूर्वी स्तंभांच्या क्रमाने मांडून घेते. त्यासाठी दहा लाख संख्या हलवाव्या लागतात खऱ्या. पण पुढे ६७ कोटी क्रिया करायच्या आहेत, त्या मानाने हा खर्च किरकोळच.

'मराठी' हा शब्द केवढा?

मजकूर पाठवतानाही असाच प्रश्न येतो. 'मराठी' या शब्दात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल तीन: म, रा आणि ठी. पायथॉनला विचारले तर तो पाच सांगतो, कारण युनिकोडच्या पद्धतीत काना आणि वेलांटी यांना वेगळे क्रमांक आहेत. हा शब्द यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने बाइटांत लिहिला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागून १५ बाइट होतात. आणि सी भाषेत मजकूर कोठे संपला हे कळावे म्हणून शेवटी एक शून्य बाइट ठेवावा लागतो, तेव्हा झाले १६. एकाच शब्दाची तीन, पाच, पंधरा आणि सोळा अशी चार मापे! पलीकडे कोणी 'पाच' हे माप धरून पाचच बाइटांची जागा राखली असेल, तर उरलेले बाइट शेजारच्या माहितीवर सांडतात आणि ती पुसून टाकतात.

मालकीचेही तसेच आहे. पायथॉन एखादी जागा वापरात आहे की नाही, याची स्वतः मोजदाद ठेवतो आणि वापर संपला की ती मोकळी करतो. सी मध्ये ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. सी च्या फंक्शनने मागून घेतलेली जागा कोणी परत करायची, हे ठरलेले नसले तर दोन संकटे संभवतात. कोणीच परत केली नाही, तर मेमरी भरत जाते. दोघांनीही परत केली, तर एव्हाना दुसऱ्या कोणाला दिलेली जागाही हिसकावून घेतली जाते आणि आज्ञावली कोसळते.

४ जून १९९६

या गोष्टी पुस्तकी वाटत असतील, तर युरोपच्या एरियन-५ या अग्निबाणाची हकीकत ऐका. त्यात पायथॉन नव्हता, पण धडा हाच आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. आपली दिशा आणि वेग मोजणाऱ्या उपकरणासाठी त्यात आधीच्या एरियन-४ अग्निबाणातली आज्ञावली घेतली होती. ती एरियन-४ वर यशस्वी ठरलेली होती.

या आज्ञावलीत एका ठिकाणी ६४ बिटांतील दशांश संख्येचे १६ बिटांतील पूर्णांकात रूपांतर होत असे. सोळा बिटांत फक्त −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्या संख्या मावतात. एरियन-४ च्या मार्गावर ही संख्या कधी त्यापलीकडे जात नव्हती. एरियन-५ सुरुवातीलाच आडव्या दिशेने अधिक वेग घेत असे, आणि संख्या मर्यादेबाहेर गेली. उपकरण बंद पडले. त्याच्या जोडीचे राखीव उपकरणही तीच आज्ञावली चालवत असल्यामुळे तेही बंद पडले होते.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बंद पडताना उपकरणाने आपल्या बिघाडाची माहिती सांगणारे काही बाइट मुख्य संगणकाकडे पाठवले. मुख्य संगणकाने ते बाइट उड्डाणाची खरी माहिती समजून वाचले! अग्निबाण भलत्याच दिशेला चालला आहे असा त्याचा समज झाला आणि नसलेली चूक दुरुस्त करण्यासाठी त्याने इंजिनांची तोंडे पार वळवली. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर अग्निबाण फुटला. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या अभ्यासासाठी बनवलेले क्लस्टर मालिकेतील चार उपग्रहही त्याच्याबरोबर नष्ट झाले. सुदैवाने अग्निबाणात माणसे नव्हती.

जुनी, पारखलेली आज्ञावली मोलाची असते यात शंका नाही. पण ती ज्या गृहीतांवर पारखली गेली, ती गृहीतेही तिच्याबरोबर नव्या घरी येतात. ती कोणी लिहून ठेवली नाहीत किंवा वाचली नाहीत, तर पारखलेपणाचा उपयोग होत नाही.

दुभाष्याची कामे

म्हणूनच दोन भाषांच्या सीमेवर एक दुभाष्या बसवतात. ही एक छोटी मधली आज्ञावली असते. पायथॉनकडून काही आले, की आधी ते योग्य प्रकारचे आहे का, हे ती तपासते. डबीतून संख्या काढणे, क्रम लावणे, मजकुराच्या शेवटी शून्य ठेवणे, पत्ता देणे, ही कामेही तीच करते. काम झाले की उत्तर पुन्हा पायथॉनच्या डबीत घालून परत करते.

चुकीचा निरोप पोहोचवणे हेही दुभाष्याचे काम आहे. क्ष + य = २ आणि २क्ष + २य = ५ ही समीकरणे घ्या. आलेख काढला तर दोन समांतर रेषा मिळतात, म्हणजे उकल नाही. अशा वेळी लॅपॅकचे फंक्शन ओरडत नाही. ठरलेल्या जागी शून्याऐवजी दुसरा एक अंक ठेवून गुपचूप परत येते. दुभाष्या तो अंक पाहतो आणि पायथॉनच्या रीतीने चूक जाहीर करतो.

असे दुभाषे हाताने लिहिणे कंटाळवाणे असते. म्हणून दुभाषे तयार करणारी साधनेच निघाली. डेव्हिड बीझली यांचे १९९६ मधील स्विग हे साधन सी भाषेतील लायब्ररीची घोषणापत्रे वाचून दुभाष्या लिहून देते. एफ-टू-पाय हे साधन तेच काम फोर्ट्रानसाठी करते.

या साधनांचा उपयोग कोठवर पोहोचला आहे, ते पाहा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. आलेल्या संकेताची सुमारे अडीच लाख गणिती नमुन्यांशी तुलना करून तो ओळखीचा आहे का, हे पाहिले गेले. अशा तुलनेच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून महत्त्वाचे काम केले आहे. या शोधात वापरलेली पायसीबीसी ही आज्ञावली मुख्यतः पायथॉनमध्ये आहे. पण लहरींचे नमुने तयार करण्यासाठी ती सी भाषेतील एका मोठ्या लायब्ररीला बोलावते, आणि मधला दुभाष्या स्विगने तयार केलेला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे उद्या काम करणाऱ्यांनाही भाषांची ही सीमा ओलांडावी लागेल, आणि त्यांत तुमच्यापैकी कोणी असेलही.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर पायथॉन असेल, तर शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करता येईल. पायथॉनबरोबरच सीटाइप्स नावाचे एक साधन मिळते. त्याच्या साहाय्याने सी भाषेची गणिताची लायब्ररी उघडा आणि तीतील वर्गमूळ काढणारे फंक्शन घ्या. कोणताही प्रकार न सांगता त्याला २५ हा पूर्णांक द्या. उत्तर ५ येणार नाही. भलतीच एखादी संख्या दिसेल. चुकीचा निरोपही येणार नाही.

असे का झाले? तुम्ही दिलेला २५ पूर्णांकाच्या रजिस्टरात गेला. फंक्शनने मात्र आपल्या रिवाजाप्रमाणे दशांशाच्या रजिस्टरात पाहिले आणि तेथे जे पडले होते त्याचे वर्गमूळ काढले. उत्तरही त्याने दशांशाच्या रजिस्टरात ठेवले. पायथॉनने ते पूर्णांकाच्या रजिस्टरात शोधले आणि तेथे जे सापडले ते तुम्हाला दाखवले. दोघेही आपापल्या परीने बरोबर वागले!

आता फंक्शन दशांश संख्या घेते आणि दशांश संख्याच परत देते, हे सीटाइप्सला सांगा आणि पुन्हा २५ द्या. या वेळी ५.० हे उत्तर मिळेल.

पहिले उत्तर चूक आहे हे तुम्ही लगेच ओळखले, कारण २५ चे वर्गमूळ तुम्हाला तोंडपाठ आहे. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असे गणित संगणकाला घालण्यापूर्वी, उत्तर ठाऊक असलेली चार गणिते त्याच वाटेने पाठवून पाहावीत. हा ताळा घ्यायला पाच मिनिटे पुरतात.